चिंचेखालचा वेळ

दीपमाला सुरवाडेला कोणी म्हटलं, "सिस्टर, तुमचा वॉर्ड फार छान चालतो बरं का," तर समोरच्याला बरं वाटावं असं उत्तर तिच्याकडून कधी येत नसे. ती विचारायची, "कशावरून?" माणूस गडबडायचा. म्हणायचा, "असंच, दिसतं ना." की ही म्हणणार, "दिसण्यावर जाऊ नका. दिसायला आमच्या भिंतीवर घड्याळही दिसतं, चालतं कुठे?" कौतुक करायला आलेला माणूस हात चोळत परत जायचा.

हा स्वभाव घरून आलेला. जळगावजवळच्या असोद्यात तिचे वडील बन्सीलाल केळीच्या बागेत घड वाहायचे आणि आई मंदाबाई कापूस वेचायला जायची. संध्याकाळी वेचलेला कापूस तोलायचे, तेव्हा बाकीच्या बाया मालकाशी गप्पा मारत उभ्या राहायच्या. मंदाबाई काट्यापुढून हलायची नाही. "तोंडाकडे काय बघतेस, काट्याकडे बघ," असं लेकीलाही दटवायची. लेकीने ते इतकं मनावर घेतलं की पुढे धुळ्याला देवपुरात खोली घेऊन नर्सिंग शिकत होती, तेव्हा मैत्रिणींनी तिचं नावच 'तराजू' ठेवलं. मग नोकरी लागली, एसटीत कंडक्टर असलेल्या रविंद्रशी लग्न झालं, दोन मुली झाल्या, बदल्यांमागून बदल्या झाल्या. चाळिशी उलटल्यावर ती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून आली. गावाचं नाव सांगत नाही. उगाच कोणाच्या तरी पोटात दुखायचं.

ती आली तेव्हा वॉर्डची दशा काय सांगावी. दर महिन्याला जळगावच्या बैठकीत जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांचे आकडे वाचले जात. आलेली बाई किती वेळात तपासली, डॉक्टर किती वेळात पोचला, किती बायकांना पुढे जळगावला पाठवावं लागलं, असं सगळं. त्यात ह्या वॉर्डचं नाव सगळ्यांत शेवटी यायचं आणि आलं की लोक चहाचे कप उचलायला लागायचे. दीपमालाला ते झोंबलं. पहिल्या बैठकीहून परत येताना एसटीत ती नवऱ्याला म्हणाली, "ह्या वॉर्डला मी वर आणणार. कसं ते नंतर बघू."

आणि आणलं तिने. ब्लडप्रेशरचं यंत्र कपाटातून काढून थेट दारापाशी आणलं. हातमोजे, सुया, सलाईन यांचा ट्रे तयार ठेवायचा नियम केला. ड्युटी बदलताना सगळ्या सिस्टर एकदम चहाला जायच्या आणि बाळंतपणाची खोली ओस पडायची, ते बंद केलं. सगळ्यात मोठी अडचण गर्दीची होती. डोंगरातल्या पाड्यांवरून एखादी पावरा किंवा भिल्ल बाई बाळंतपणाला आली की सोबत सासू, आई, दाई, दीर, जीपवाला, असा सगळा गोतावळा यायचा आणि वॉर्डात पाय ठेवायला जागा उरायची नाही. दीपमालाने नियम काढला: आधी फाटकालगतच्या खिडकीवर केसपेपर, मग आत पेशंट आणि सोबत एक बाई, बाकी सगळे फाटकापाशी चिंचेखाली. फाटकावर निंबा नावाचा जुना पहारेकरी होता. त्याला तिने बजावलं, "निंबाभाऊ, कागद हातात असल्याशिवाय कोणी आत सोडायचं नाही. मग तो कलेक्टरचा मेव्हणा असला तरी."

वॉर्ड स्वच्छ दिसू लागला. केसपेपर निघाल्यापासून पाव तासाच्या आत बाई तपासली जाऊ लागली. आकडे वर चढत गेले आणि एके महिन्यात वॉर्ड जिल्ह्यात पहिला आला. रुग्णालयाचे अधीक्षक डॉ. प्रेमराज तसे कमी बोलणारे, पण त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफला जिलबी खाऊ घातली. डोळ्यांच्या विभागाची सिस्टर म्हणाली, "आता काय, दीपमालाताई जमिनीवर चालायच्या नाहीत." दीपमाला हसली. खरं सांगायचं तर थोडी फुगलीच होती.

पण पहिल्या नंबरात तिचा जीव अडकला होता तो जिलबीसाठी नाही. दवाखान्यात रक्त साठवायची सोय नव्हती. बाळंतपणानंतर एखादीचं रक्त थांबेना झालं की तिला ॲम्ब्युलन्समध्ये घालून जळगावला पळवायचं, दुसरा इलाज नाही. ती आली त्या पहिल्याच वर्षी अशी एक बाई तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेली होती, चोपड्याच्या पुढे, पुलाच्या जरा अलीकडे. तिचा थंड पडत गेलेला हात दीपमालाने जळगाव येईपर्यंत सोडला नव्हता. डॉ. प्रेमराजांनी आता सांगितलं होतं की वरून तपासणी पथक येणार आहे. वॉर्ड पास झाला, तर रक्ताचा फ्रिज आणि तो सांभाळणारा माणूस, दोन्ही ह्याच दवाखान्याला मिळणार. नाही तर दुसऱ्या तालुक्याला. दीपमालाने मनाशी गाठ मारली: फ्रिज इथेच आला पाहिजे.

पथक यायला दीड-दोन महिने उरले असताना रोशनी पावरा आली.

दुपारची वेळ होती. सासू बुधीबाई तिला जवळजवळ उचलूनच आत घेऊन आली. केसपेपर निघाला, पाच-सात मिनिटांत दीपमालाने तपासलं, डॉक्टर धावत आले. सगळं नियमाने झालं. पण बाळाचे ठोके लागेनात. मुलगा झाला, रडला नाही. आणि मग रोशनीचं रक्त सुरू झालं ते थांबेना. पुन्हा ॲम्ब्युलन्स, पुन्हा तोच रस्ता. ह्या वेळी नशिबाने साथ दिली, रोशनी जळगावला पोचली आणि जगली.

डॉ. प्रेमराज हात धुता धुता म्हणाले, "ही माणसं येतातच उशिरा, सिस्टर. आपण तरी काय करणार?" दीपमालाने मान हलवली. तिलाही तसंच वाटत होतं. त्या महिन्याच्या आकड्यात रोशनीची नोंद उत्तम होती, पाव तासाच्याही आत तपासणी.

तरी तिला चैन पडेना. रोशनी घरी परतल्याचं कळलं, तेव्हा सुट्टीच्या दिवशी तिने रविंद्रला मोटारसायकल काढायला लावली. त्या घरच्या माणसांना नीट समजावून सांगावं, कळा सुरू झाल्या की लगेच निघत जा, एवढाच तिचा हेतू होता. डांबरी संपली, मग मुरमाचा रस्ता, मग नुसतीच वाट. पाड्यावर पोचल्यावर तिने घर विचारलं, मोटारसायकलवरून उतरली आणि तरातरा अंगण ओलांडून थेट ओट्यावर जाऊन उभी राहिली. "रोशनी कशी आहे आता?"

बुधीबाई मक्याची कणसं सोलत होती. तिने वर पाहिलं आणि तोंड फिरवलं. कोणी बस म्हटलं नाही. पाणी तर नाहीच. रविंद्र मागेच, अंगणाच्या कडेला उभा राहिला होता; त्याला मात्र रोशनीचा सासरा करमसिंग तांब्या घेऊन सामोरा गेला.

दीपमाला चरकली, पण बोलायचं ते बोलली. "अक्का, मी रागवायला आले नाही. पण एवढा उशीर का केला तुम्ही? सकाळीच आणलं असतंत, तर बाळ हाताशी लागलं असतं."

बुधीबाईचे हात थांबले. "उशीर?" ती म्हणाली. तिची भाषा वेगळी, पण बाजारची खानदेशी तिला येत होती. "आम्ही सकायपासून तुम्हना दारात बठेल व्हतूत. चिंचखाले. कोन्ही बलावं नही. पानीबी कोन्ही इचारं नही."

दीपमालाला क्षणभर काही उमगेचना. सकाळपासून? दारात?

"मग आत का नाही आलात?"

उत्तर करमसिंगने दिलं, शांतपणे, तांब्या हातातच धरून. "बाई, आमच्याकडे पाहुणा अंगणाच्या कडेला बसतो. घरातलं माणूस पाणी घेऊन येतं, हात धरून आत नेतं. न बोलावता आत घुसतात ते फॉरेस्टचे शिपाई." त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. ती अजून ओट्यावरच उभी होती. "तुमच्या फाटकावर माणूस उभा होता. आम्हाला वाटलं, बोलावील. पोरगी फारच कण्हायला लागली, तेव्हा बुधी घुसली आत, लाज सोडून."

दीपमाला ओट्यावरून खाली उतरली. आतल्या अंधारात रोशनी खाटेवर पडली होती. दीपमालाला तिच्याकडे बघवेना. माझ्याच नियमाने हे केलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. येताना वाटेत रविंद्रने काही विचारलं, तर ती म्हणाली, "गाडी चालवा तुम्ही गपचूप." आणि त्याच्या पाठीला डोकं टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने निंबाला गाठलं. "निंबाभाऊ, चिंचेखाली लोक बसतात, ते कोण असतात?"

"डोंगरातले शेतस ताई. रोजच बसतस."

"त्यांच्यात बाळंतपणाच्या बायका असतात?"

निंबा गोंधळला. "असतीन ना. मना हातमा कागद कोन्ही देत नही, तं मी काय करू? तुम्हीच सांगेल व्हतं, कागदशिवाय सोडू नको."

त्याचं काही चुकलं नव्हतं. तिने सांगितलं ते त्याने केलं होतं. तो सगळा आठवडा दीपमाला सवड मिळेल तेव्हा चिंचेखाली जाऊन बसली. तिथे बायका कमरेवर हात दाबून बसलेल्या असत, सासवा त्यांची पाठ चोळत. कोणी सकाळपासून, कोणी सूर्य डोक्यावर आल्यापासून. गावातल्या आणि आसपासच्या सपाटीवरच्या बाया भांडत-ढकलत खिडकी गाठायच्या, केसपेपर काढायच्या, फाटकातून आत शिरायच्या आणि तपासून मोकळ्या व्हायच्या. डोंगरातल्या बाया बोलावण्याची वाट बघायच्या. आणि वॉर्डचं घड्याळ केसपेपरवर शिक्का पडला की सुरू व्हायचं. त्याच्या आधीचा सगळा वेळ कुठल्याच हिशेबात नव्हता. आकडा चढला होता तो अर्धा तिच्या कामाने आणि अर्धा फाटक बंद केल्याने. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दिवाही हिनेच लावलेला.

मग ती डॉ. प्रेमराजांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "सर, मला घड्याळ फाटकापासून लावायचं आहे. बाईने फाटकाशी पाय ठेवला की निंबाभाऊ तिला वेळ घातलेली चिठ्ठी देणार आणि आमची एक सिस्टर पाणी घेऊन बाहेर जाणार, हाताला धरून आत आणणार. केसपेपर नंतर."

"फार चांगलं," डॉक्टर म्हणाले. "पथक गेलं की सुरू करू."

"सर, आजपासून."

प्रेमराज वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगतो. ते उठले, दार लावून घेतलं आणि अगदी कळवळून बोलले. "सिस्टर, पाणी घेऊन आजच जा, मी कधी नाही म्हटलं? पण मोजणी महिनाभर राहू द्या जुनीच. फाटकापासून मोजलं, तर आपण पहिल्यावरून थेट तळाला. फ्रिज जाईल दुसरीकडे. त्या फ्रिजने किती बाया वाचतील, हे मी तुम्हाला सांगायचं? एक महिना जुना आकडा दाखवला, तर कोणाचं काय बिघडतं?"

दीपमाला तोच प्रश्न घेऊन वॉर्डात परतली. त्यात खोटं काय, गैर तरी काय, सगळे दवाखाने असंच मोजतात. आणि फ्रिज तिला कोणाहीपेक्षा जास्त हवा होता. दोन दिवस तिचं घरात लक्ष लागेना. मुलींनी भाजी अळणी झाल्याचं सांगितलं, तर म्हणाली, मीठ घालून खा. पण रोशनीची ती नोंद डोळ्यांपुढून हलेना. उत्तम वेळेत तपासलेली, मेलेल्या मुलाची आई. तो आकडा पुढे केला, तर पथक शाबासकी देणार, आणि उद्या पाणी घेऊन बाहेर जाणारी सिस्टर रजेवर गेली, कंटाळली, तर कोणाला पत्ताही लागणार नाही. कारण चिंचेखाली कोणी किती बसलं, हे मोजणारं कोणी नसणार. जे मोजत नाही ते आपण करायचं सोडून देतो, हे तिला इतक्या वर्षांच्या नोकरीत पक्कं कळलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. "सर, आजपासून फाटकापासून मोजते. तुम्हाला थांबवायचं असेल, तर लेखी थांबवा."

प्रेमराजांनी लेखी दिलं नाही. बोलणं मात्र बंद केलं.

वॉर्डातल्या सिस्टरही बिघडल्या. एवढी मेहनत करून पहिला नंबर आणलेला, आणि आपलीच इन्चार्ज तो मातीत घालायला निघाली. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," असं एकीने तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. दीपमालाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पहिले काही दिवस पाण्याची बाटली घेऊन स्वतःच बाहेर जात राहिली. सोपं नव्हतं ते. बोलावलं तरी सगळा गोतावळा उठायचा, कोणी लाजायचं, कोणी बाटलीतलं पाणी नको म्हणायचं. तिने बाटली सोडून तांब्या घेतला. हळूहळू निंबाला गंमत वाटू लागली. जीप थांबली की तो लांबूनच पाहुण्या आल्याची हाळी द्यायचा, "ताई, पाव्हन्या उन्यात!"

पथक आलं, तेव्हा आकडे पूर्ण आपटलेले होते. पथकाच्या प्रमुख म्हणजे पन्नाशीच्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी कागद खालीवर केले. "मागच्या महिन्यात तुम्ही जिल्ह्यात सगळ्यांत चांगल्या. ह्या महिन्यात सगळ्यांत वाईट. इतक्यात काय बिघडलं?"

खोलीत प्रेमराज होते, सगळ्या सिस्टर होत्या. दीपमाला म्हणाली, "मॅडम, बिघडलेलं आधीपासून होतं. मोजायला आत्ता लागलो." आणि तिने रोशनीची हकिकत सांगितली, आपला नियम, फाटक, चिंच, काही न लपवता. प्रमुखबाई उठून चिंचेखाली जाऊन आल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "तुमचं पटतं मला. पण गुण मला कागदावरच्या आकड्यांना द्यावे लागतात."

वॉर्ड नापास झाला. फ्रिज दुसऱ्या तालुक्याला गेला. त्या दिवशी दीपमालाने ड्युटी पूर्ण केली, घरी गेली आणि न जेवता पडून राहिली. आपण चूक तर केली नाही ना, ह्या विचाराने तिला खाऊन टाकलं. जळगावच्या बैठकीत त्यांचं नाव पुन्हा शेवटी वाचलं जाऊ लागलं आणि लोक पुन्हा चहाचे कप उचलू लागले. ती मान वर करून बसायची. आतून काय होत होतं, ते तिचं तिला ठाऊक. पण फाटकावरचा वेळ कमी होत होता, दर महिन्याला थोडा थोडा, आणि तो ती बैठकीत दर वेळी उभी राहून सांगायची, कोणी ऐको न ऐको.

उन्हाळा तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी एक जीप फाटकाशी थांबली. कुऱ्हाडीचा दांडा म्हणणारी तीच सिस्टर तांब्या घेऊन बाहेर गेली आणि तांब्या तिथेच टाकून ओरडत आत आली. जीपमधल्या पोरीचं लुगडं रक्ताने भिजलं होतं. वार बाळाच्या पुढे आली होती. अशा बाईला ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचं तर हाताशी रक्त हवं, आणि रक्त नव्हतं. दीपमालाने दोन्ही हातांना सलाईन लावलं, जळगावला फोन केला आणि पोरगी अजून बोलत होती, नाव सांगत होती, तेवढ्यात ॲम्ब्युलन्स फाटकाबाहेर पडली. सोबत ती सिस्टर गेली.

मग नुसती वाट पाहणं. डॉ. प्रेमराज वॉर्डात आले. कित्येक महिन्यांत कामाशिवाय ते इकडे फिरकले नव्हते. स्टुलावर बसले. त्यांनाही तो पूल माहीत होता. फोन वाजला, तेव्हा दोघांनी एकदमच हात पुढे केला. उचलला दीपमालाने.

"पोचलो ताई. रक्त चढतंय. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत." पलीकडे सिस्टर रडत होती. "इथले डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता, तर दोघीही गेल्या असत्या. तासभर तर ती आपल्या चिंचेखालीच बसली असती हो."

दीपमालाने फोन ठेवून ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. प्रेमराज म्हणाले, "सिस्टर, ओपीडीचं घड्याळही फाटकापासून लावा. डोळ्यांचं, हाडांचं, सगळ्यांचं."

"सगळा दवाखाना जिल्ह्यात शेवटी जाईल, सर."

"जाऊ द्या." ते उठले. "आणि फ्रिजसाठी पुन्हा अर्ज करायचा आहे. आजच लिहायला घ्या. आपला सगळ्यात वाईट आकडा पहिल्या ओळीत टाका, त्याखाली रोशनीचं नाव लिहा, आणि सही करायला माझ्याकडे आणा."